लेकराशी बोलणे हेही कामच आहे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात मंडळाच्या चिटणीसबाई माझ्याकडे आल्या नि म्हणाल्या, "बाई, यंदाच्या वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं." मी म्हटले, "अहो, माझा जन्म गेला अंगणवाडीतल्या पोरांत. मला मोठ्या माणसांपुढे बोलायची सवय नाही." त्यावर त्या चटकन म्हणाल्या, "मग पोरांशी कसं बोलता तेच सांगा." मला नाही म्हणायला जागा उरली नाही. तेव्हा तोच विषय घेऊन मी आपल्यापुढे उभी आहे. जन्मल्यापासून तीन वर्षांपर्यंतच्या लेकराशी घरातल्यांनी का बोलावे, आणि कसे बोलावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्यापैकी कित्येकींना वाटेल, की यात सांगण्यासारखे काय आहे? बाईमाणसाला का बोलायला शिकवायला हवे? खरे आहे. तथापि थोडा विचार करून पाहा. आपण लेकराविषयी पुष्कळ बोलतो. शेजारणीपाशी, नणंदेपाशी, डॉक्टरपाशी बोलतो. लेकराला तर त्याहून जास्त बोलतो. "इकडे ये, तिकडे जाऊ नको, हात लावू नको, गप बैस." पण लेकराशी? लेकराशी आपण फार थोडे बोलतो. लेकराविषयी बोलणे, लेकराला बोलणे आणि लेकराशी बोलणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाषा वाढते ती तिसऱ्या बोलण्याने.

पुढे जाण्यापूर्वी मी माझी एक चूक आपल्यापुढे कबूल करते. अंगणवाडीच्या नोकरीला लागून मला थोडीच वर्षे झाली होती. तीन वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. जेथे बसवावे तेथे बसे. रडणे नाही, हट्ट नाही, मारामारी नाही. तिचे वजन चांगले, लशी वेळेवर टोचलेल्या. माझ्या रजिस्टरात ती निरोगी मुलांच्या रकान्यात होती. मी चारचौघींत तिचे कौतुक करी, "किती गुणी पोर आहे, तिचा आवाज म्हणून ऐकू येत नाही!" तिची आजी म्हणे, "तिचा बाप पण उशिराच बोलला." मीही मान हलवी. घरच्यांनी वेखंड उगाळून जिभेला लावले, देवाला बोलले, आणि वाट पाहत राहिले.

एके दिवशी खिचडीचे मोठे पातेले मदतनीस बाईंच्या हातून निसटून फरशीवर आदळले. सगळी पोरे दचकली, दोघे-तिघे तर रडायलाच लागले. ही एकटी पाठमोरी बसून खडे मांडत होती, ती मांडतच राहिली. माझ्या छातीत धस्स झाले. त्या वेळी ती चार वर्षांची झाली होती. पुण्याला नेऊन तपासणी केली तेव्हा कळले, की तिला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते. डॉक्टरांनी तिच्या आईला विचारले, "दोन वर्षांपूर्वी का नाही आणलंत हिला?" आई काही बोलली नाही, तिने फक्त माझ्याकडे पाहिले. पुढे त्या मुलीला कानाचे यंत्र मिळाले, बोलण्याचे शिक्षणही मिळाले. आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे, उत्तम शिवणकाम करते. पण तिचे बोलणे घरच्या माणसांनाच नीट समजते. गेलेली दोन वर्षे तिला कोणी परत देऊ शकले नाही.

त्या दिवसापासून मी मुलांच्या वजनाइतकेच त्यांच्या बोलण्याकडे पाहू लागले. जे वाचले, प्रशिक्षणांत जे ऐकले आणि जे डोळ्यांनी पाहिले, त्यातले थोडे आपल्याला सांगते.

मूल बोलायला शिकते ते बारा महिन्यांचे झाल्यावर, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्याचे शिक्षण त्याच्या जन्माआधीच सुरू झालेले असते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला पोटात ऐकू येऊ लागते. नुकते जन्मलेले बाळ इतर बायकांच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज अधिक पसंत करते, हे १९८० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगाने दाखविले. पहिले सहा महिने बाळाचा कान जगातल्या कोणत्याही भाषेचे बारकावे टिपू शकतो. मग वर्षाच्या आत तो कान आपल्या घरच्या भाषेवर बसतो. 'चहा'तला च वेगळा आणि 'चाका'तला च वेगळा. 'ल' वेगळा आणि 'ळ' वेगळा. हे आपण कोणी बाळाला शिकवीत नाही. ते ऐकून ऐकून त्याच्या कानात मुरते. परप्रांतातून आलेल्या मोठ्या माणसाला आपला 'ळ' म्हणताना किती कष्ट पडतात ते आपण पाहतोच.

आणि नुसते उच्चारच नव्हेत. तो कांदा, ती भाकरी, ते वांगे. कांद्याला 'तो' का आणि भाकरीला 'ती' का, हे मला तरी सांगता येणार नाही. पण आपले तीन वर्षांचे लेकरू ते बहुतेक बरोबर बोलते. ही केवढी मोठी विद्या आहे! ही विद्या त्याला कोणत्या शाळेने दिली? आपल्या ओसरीने, चुलीपाशी चाललेल्या बोलण्याने दिली.

आता प्रश्न येतो, की नुसते कानावर शब्द पडले म्हणजे पुरे का? पुरे नाही. येथेच खरी गोम आहे. आपण सगळ्याजणी नागपंचमीला झिम्मा खेळलेल्या आहोत. झिम्मा एकटीने खेळता येतो का? आपण हात पुढे करायचा, समोरचीने टाळी द्यायची, मग पुन्हा आपण. लेकराशी बोलणे हा तसाच खेळ आहे. बाळ "आऽऽ" म्हणते, ती त्याची टाळी. आपण "हो का गं बाई, भूक लागली का?" म्हणतो, ती आपली टाळी. ते पुन्हा हात हलवते, हसते, बोट दाखवते. बोट दाखवणे हेदेखील बोलणेच आहे. बाळाने हात पुढे केला आणि समोर कोणी टाळी दिली नाही, तर दोनदा, चारदा ते प्रयत्न करील. मग हात खाली घेईल.

याबद्दल परदेशात बरेच संशोधन झालेले आहे. अमेरिकेत हार्ट आणि रिझ्ली या दोघा संशोधकांनी ४२ कुटुंबांत सुमारे अडीच वर्षे, महिन्यातून एक तास याप्रमाणे, घरात बसून लहान मुलांशी कोण किती बोलते ते टिपून घेतले आणि १९९५ साली त्यावर पुस्तक लिहिले. काही घरांतल्या मुलांच्या वाट्याला इतरांच्या कितीतरी पट शब्द येत होते, आणि त्या मुलांचा शब्दसंग्रहही मोठा होता. त्यांनी काढलेल्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले. गरीब घरांत बोलणे कमीच असते, असा त्याचा अर्थ लावणे चूक आहे, हे अनेकांनी दाखवून दिले. पण त्या वादातून एक चांगले झाले. किती शब्द कानावर पडले यापेक्षा बोलण्याची देवघेव किती झाली, हे लोक मोजू लागले. २०१८ साली एम.आय.टी. या अमेरिकेतल्या संस्थेच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांची ३६ मुले घेऊन अशी देवघेव मोजली आणि त्या मुलांच्या मेंदूची चित्रे काढून पाहिली. ज्या मुलांशी पाळीपाळीने अधिक बोलले गेले होते, त्यांच्या मेंदूतला भाषेचा भाग गोष्ट ऐकताना अधिक कामाला लागत होता. आणि यात घरची मिळकत किती, आईबाप किती शिकलेले, याचा हिशेब वेगळा काढला तरी निकाल तोच राहिला.

भगिनींनो, या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. लेकराशी बोलायला पैसा लागत नाही आणि पदवीही लागत नाही. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. मी सकाळी अंगणवाडीत गेले, की माझा थोरला त्यांच्यापाशी असे. त्या कांदे निवडायला बसत आणि त्याला समोर बसवीत. "हा बघ मोठा. हा बारका. हा सडका, टाक तिकडे. कुठं टाकलास? ऑं? गाईच्या पुढ्यात? गाय कांदा खाती व्हय रे?" मग त्या थांबत. तो काहीतरी बडबडे. त्या म्हणत, "व्हय व्हय, तुझंच खरं." मी एकदा हसून म्हटले, "आत्याबाई, त्याला काय कळतंय?" त्या म्हणाल्या, "कळंल तवा कळंल. रोपाला पाणी काय फळ आल्यावर घालायचं असतं का?" मी पुढे जी प्रशिक्षणे घेतली, त्यांत याहून वेगळे मला कोणी काही सांगितले नाही. लहान-मोठे, इकडे-तिकडे, प्रश्न विचारणे, थांबणे, लेकराचे म्हणणे उचलून धरणे, सगळे त्या एका कांद्याच्या ढिगात होते.

पूर्वी घरात अशा संधी आपोआप येत. पहाटे जात्यावर ओव्या चालत आणि मांडीवर लेकरू झोपलेले असे. आपल्या पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून अभ्यासकांनी बायकांच्या तोंडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आहेत. एवढा शब्दांचा साठा त्या जात्याभोवती होता. आता जाते गेले, ते बरेच झाले. आपल्या आज्यांच्या खांद्यांना विचारा. पण त्याबरोबर लेकराच्या कानावर पडणारे बोलणेही गेले, आणि त्याची भरपाई आपण कशाने केली? मोबाइलने केली.

येथे मी दुसऱ्या कोणाचे नाही, माझ्याच घरचे उदाहरण देते. माझा नातू चाकणला असतो. बाप कारखान्यात पाळीवर, आई दिवसभर एकटी. दोन वर्षांचा होत आला तरी तोंडातून चार-पाच शब्द. दिवाळीला आले तेव्हा मी पाहिले, की जेवताना मोबाइल, रडला की मोबाइल, आईला स्वयंपाक करायचा तरी मोबाइल. त्याला त्यावरची इंग्रजी गाणी येत होती, अक्षरेही ओळखत होता. पण "पाणी दे" म्हणता येत नव्हते. तो आईचा हात धरून माठाकडे ओढी. मी सुनेला बोलणार होते. पण मग मनात आले, तिला बोलून काय उपयोग? तिच्याशी तरी दिवसभर कोण बोलते? आणि आपल्या गावात तरी काय वेगळे आहे? दिवेलागण झाली, की बिबट्याच्या भीतीने आपण लेकरांना अंगणात सोडत नाही. उसाच्या कडेला ज्यांची घरे आहेत त्यांना तर दुपारीही धास्ती. लेकरू घरात कोंडलेले, आई कामात, मग हातात देणार काय? मी कोणत्याही आईला दोष देत नाही. आई दमलेली असते, आणि मोबाइल कधी दमत नाही.

पण मोबाइल टाळी देत नाही, हेही खरे. २००३ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात एक प्रयोग झाला. नऊ महिन्यांच्या बाळांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसे समोर बसून बोलली, खेळली. असे बारा वेळा झाले. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसे, तेच बोलणे, दूरचित्रवाणीवर दाखविले. ज्या बाळांसमोर माणूस बसले होते, ती चिनी भाषेतले उच्चार ओळखू लागली. ज्यांनी पडद्यावर पाहिले, ती काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून अधिक पडदा दाखवू नये, कमी दाखवला तर उत्तमच. आणि एक वर्षाच्या बाळाला तो मुळीच नसावा. परगावी असलेल्या बापाशी किंवा मामाशी मोबाइलवर तोंड पाहून बोलणे मात्र वेगळे. तेथे समोर माणूस असते आणि ते उत्तर देते.

माझ्या नातवाचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. प्रथम आम्ही त्याचे कान तपासून घेतले, कारण मागची चूक मी विसरले नव्हते. कान चांगले होते. मग सुनेने आणि मी ठरवले, की जेवताना आणि झोपताना मोबाइल नाही. पहिले पाच-सहा दिवस घर डोक्यावर घेतले त्याने. मी रोज संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन खिडकीपाशी उभी राही. "तो बघ टेम्पो. कुठं चालला टेम्पो? ओतूरच्या बाजाराला. काय आहे त्यात? कांदे." आणि मग गप्प राही. महिनाभर मी त्यांच्याकडे चाकणला जाऊनही राहिले. तिसऱ्या आठवड्यात त्याने बोट केले नि म्हणाला, "टेप्पो… गेला." दोन शब्द! सून चुलीवरचे सोडून धावत आली. आज तो साडेतीन वर्षांचा आहे आणि आता "जरा गप बैस" म्हणण्याची वेळ आमच्यावर येते. सगळ्यांचेच इतक्या लवकर जमते असे मी म्हणणार नाही. काही लेकरांना तज्ज्ञांची मदत लागते. पण हा भाग प्रत्येक घराने करून पाहण्यासारखा आहे.

आता बोलायचे कसे, ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, लेकरू जेथे पाहत असेल त्याबद्दल बोला. ते मुंगीकडे टक लावून बसले असेल, तर त्याला पोपट दाखवू नका, मुंगीचेच बोला.

दुसरी, ते एक शब्द बोलले तर आपण त्याला दोन-तीन शब्द जोडून परत द्या. ते म्हणाले "गाय", तर आपण म्हणावे, "हो, तांबडी गाय. गाय कडबा खाते." ते म्हणाले "बाबा भूर", तर "बाबा भूर गेले, शेतात गेले." 'मम्मं', 'भूर', 'गाई' हे लाडाचे शब्द खुशाल वापरा; सूर लावून, शब्द लांबवून बोलणे बाळाला आवडते आणि त्याने ते शिकतेही. मात्र ते चुकले म्हणून हसू नका, आणि "असं नाही, असं म्हण" असा धोशाही लावू नका. आपण बरोबर शब्द सहज बोलून पुढे चलावे.

तिसरी, थांबा. ही सर्वांत अवघड. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देतो. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो. मनातल्या मनात पाचापर्यंत आकडे मोजा. त्या तेवढ्या वेळात पुष्कळ पोरे बोलतात.

चौथी, परीक्षा घेऊ नका. पाहुणे आले, की "हे काय सांग, ते काय सांग, नाक कुठंय दाखव" असे आपण पोराला फौजदारासमोर उभे करतो. त्यापेक्षा आपण काय करतो आहोत ते त्याला सांगत राहावे. "आता पीठ मळते. आता पाणी घालते. अगं बाई, जास्त झालं!"

पाचवी, गोष्ट सांगा, आणि तीच ती पुन्हा सांगा. काऊचिऊची गोष्ट आपल्याला शंभरदा सांगून कंटाळा येतो, लेकराला येत नाही. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून तर ते मधेच आपला शब्द घालू शकते.

सहावी गोष्ट मी येथे जमलेल्या बायांच्या तोंडून त्यांच्या घरच्या पुरुषांना पाठवते. बापाने शेतातून आल्यावर दहा मिनिटे लेकराला मांडीवर घेऊन बोलावे. बापाचे शब्द आईपेक्षा वेगळे असतात. मोटार, पाइप, फवारा, बाजारभाव, हेही लेकराने ऐकावे.

अलीकडे एक नवीनच प्रकार पाहते. आई लेकराला सांगते, "काऊ बघ, काऊ." मला वाटले कावळा. पाहते तो समोर गाय उभी! इंग्रजी शाळेत घालायचे म्हणून दोन वर्षांच्या लेकराशी इंग्रजी शब्द बोलायचे. इंग्रजीला माझा विरोध नाही. दोन भाषा कानावर पडल्याने मूल गोंधळत नाही, हेही खरे आहे. आपल्याकडे कांदा काढायला येणाऱ्या मजुरांची पोरे घरी एक भाषा आणि आपल्या पोरांत दुसरी भाषा किती सहज बोलतात! पण आईला जी भाषा पुरती येते तीच तिने बोलावी. इंग्रजीतले वीस शब्द आपल्याला येतील. पण रागवायला, समजूत घालायला, गंमत करायला, 'का' आणि 'कशाला' सांगायला आपल्यापाशी मराठीच आहे, आणि ज्यांची ठाकरी किंवा कातकरी बोली आहे त्यांच्यापाशी ती आहे. त्या मायबोलीत पक्के झालेले मूल पुढे इंग्रजीही चांगले शिकते. म्हणून आदिवासी वाडीवरच्या आईला "तुझी भाषा अशुद्ध आहे, पोराशी नीट बोल" असे आपण कधीही म्हणू नये. तसे म्हटल्याने ती लेकराशी बोलणेच बंद करील.

आता काळजीची लक्षणे. ही कृपा करून लक्षात ठेवा. मोठा आवाज झाला तरी बाळ दचकत नसेल. नऊ-दहा महिन्यांपर्यंत "बाबाबा, दादादा" अशी बडबड नसेल. वर्षाचे झाले तरी बोट दाखवणे, हात हलवून टाटा करणे नसेल. दीड वर्षाचे होऊनही एक शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "आई ये" असे दोन शब्द जोडत नसेल. किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द जाऊ लागले असतील, तर थांबू नका. "मुलगे उशिरा बोलतात", "बापावर गेलाय" असे म्हणून दिवस काढू नका. अंगणवाडीच्या बाईंना सांगा, आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत येऊन मुलांना तपासतात आणि पुढच्या तपासणीला पाठवतात. तपासणीत काही निघाले नाही तर आनंद आहे. निघाले, तर जितके लवकर तितके बरे.

जाता जाता दोन थोर बायांची आठवण करते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात खेड्यातल्या लेकरांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या आदिवासी टेकडीवर नेले. अनुताई तर आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथूनच आला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द घरोघर पोचला. त्या शब्दात 'अंगण' आहे हे आपण विसरलो. अंगणवाडी म्हणजे केवळ खाऊ आणि वजनकाटा नव्हे. अंगणात काय असते? चार माणसे असतात आणि बोलणे असते.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. खर्चाची नाही, घाबरू नका. आपल्या मंडळात साठीच्या पुढच्या कितीतरी बाया आहेत. दर शनिवारी दोघींनी पाळीपाळीने अर्धा तास अंगणवाडीत जाऊन बसावे आणि पोरांना गोष्टी सांगाव्यात, त्यांचे ऐकावे. आणि ज्यांची लेकरे अजून तीन वर्षांची झाली नाहीत, त्या आयांनाही त्या दिवशी लेकरू घेऊन बोलवावे. बिबट्यामुळे संध्याकाळ गेली, तर सकाळ आपली आहे. पोरांचे भले होईलच. पण ज्या सुना दिवसभर एकट्या असतात, त्यांच्याशीही कोणी बोलेल. ज्या आईशी कोणी बोलत नाही, तिने लेकराशी बोलावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही, असे आपले वाडवडील म्हणत. आपल्या घरात सोने आहे, भगिनींनो. आज घरी गेल्यावर भाकरी थापताना त्याला समोर बसवा, काहीतरी विचारा, आणि ते उत्तर देईपर्यंत थांबा. भाकरी थोडी करपली तरी चालेल.